तेझेच्या टेकडीवर, रविवार ते रविवार

फ्रान्सला जाऊन आले म्हटलं की पुढचा प्रश्न आयफेल टॉवरचा असतो. तो आम्ही पाहिला नाही. आम्ही गेलो होतो तेझेला. बरगंडी प्रांतातल्या एका टेकडीवरचं हे छोटंसं खेडं. तिथे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांतून आलेले मठवासी बंधू एकत्र राहतात, दिवसातून तीनदा प्रार्थना करतात, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला जगभरातले हजारो तरुण त्यांच्या प्रार्थनेत सामील व्हायला येतात. मी मूळची नगरची, सध्या पुण्यात एमएसडब्ल्यूला आहे. बरोबर मावसबहीण होती आणि आमच्या चर्चच्या तरुण संघातला एक मुलगा. परत आल्यापासून इतक्या जणांनी विचारलं, की सगळं एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं.

व्हिसाबद्दल एवढंच सांगते की तेझेचं निमंत्रणपत्र खूप आधी मागवा. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट उन्हाळ्यात सहज मिळत नाही. आणि कॉलेजचं व पाळकसाहेबांचं पत्र जोडा, आम्हाला त्याचा उपयोग झाला.

रविवार

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून वेगवान रेल्वेने मॅकाँपर्यंत आणि तिथून बसने तेझे. बस क्लुनी गावातून जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, सूर्यफुलं आणि कुरणात बसलेल्या पांढऱ्याशुभ्र गाई. ऊन आपल्या एप्रिलसारखं, घाम मात्र कमी.

बस टेकडीवर थांबते तिथेच स्वागताची जागा. नावनोंदणी करणारे सगळे आमच्याच वयाचे, काही महिन्यांसाठी राहायला आलेले स्वयंसेवक. राहण्याजेवणाचे पैसे तुम्ही कोणत्या देशातून आलात त्यावर ठरतात, त्यामुळे भारतातल्या विद्यार्थ्याला ते झेपतात. बंधू स्वतःसाठी देणगी घेत नाहीत. मातीची भांडी बनवून, पुस्तकं छापून ते आपला चरितार्थ चालवतात. एखाद्या बंधूला घरचा वारसा मिळाला तर तोही गरिबांसाठी देऊन टाकतात. हे ऐकून आमच्या संघातल्या मुलाने पुन्हा विचारलं, "म्हणजे चर्चच्या नावावर काहीच साठवत नाहीत?" नाही साठवत. ह्या प्रश्नामागे आमच्याकडची एक गोष्ट आहे, ती पुढे येईल.

राहायला लाकडी बरॅक, आत दुमजली पलंग. ज्यांना हवं ते तंबूत राहतात. अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं.

संध्याकाळी साडेआठला घंटा वाजू लागल्या आणि सगळी टेकडी एका दिशेने चालायला लागली. समेटाचं चर्च असं त्या चर्चचं नाव. १९६२ मध्ये ते बांधलं जर्मन तरुणांनी. महायुद्धात आपल्या देशाने जे केलं त्याचं प्रायश्चित्त म्हणून, ज्या देशांवर अत्याचार झाले तिथे जाऊन काहीतरी बांधून द्यायचं, अशी एक ख्रिस्ती चळवळ जर्मनीत उभी राहिली होती. तिचे तरुण इथे आले. बाहेरून चर्च अगदी साधं, काँक्रीटचं. आत बाकं नाहीत. सगळे जमिनीवर बसतात. मधोमध पांढऱ्या झग्यातल्या बंधूंच्या रांगा, समोर नारिंगी कापडं वरपर्यंत ताणलेली आणि मातीच्या ठोकळ्यांमध्ये पेटवलेल्या असंख्य मेणबत्त्या. जमिनीवर बसून उपासना आम्हाला नवी नव्हती. आजोबांच्या गावच्या चर्चमध्ये मी लहानपणी सतरंजीवरच बसले आहे. पण युरोपातली मुलं मांडी घालता येत नसताना पाय दुमडून, गुडघ्यांवर, जमेल तशी बसलेली पाहिली आणि मला ती जागा पहिल्याच संध्याकाळी आपली वाटली.

गाणी एक-दोन ओळींची, पुन्हा पुन्हा म्हणायची. भिंतीवरच्या पाटीवर क्रमांक उमटतो, तो पुस्तकात काढायचा. वाचनानंतर दहाएक मिनिटं सगळे गप्प. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, प्रार्थना करायची ती सगळ्यांनी एकदम मोठ्याने. सुरुवातीला ही शांतता मला फार लांब वाटली. बुधवारपर्यंत ती अपुरी वाटू लागली.

सोमवार

दिनक्रम सांगून टाकते, म्हणजे पुढे अडणार नाही. सव्वाआठला सकाळची प्रार्थना, मग नाश्ता, दहाला शास्त्राभ्यास. बारा वीसला दुपारची प्रार्थना आणि जेवण. दुपारी लहान गटांत चर्चा किंवा काम, सव्वापाचला चहा, सातला जेवण, साडेआठला रात्रीची प्रार्थना. सगळ्यांना काही ना काही काम करावंच लागतं: वाढणं, भांडी घासणं, चर्चमध्ये लोकांना जागा दाखवणं, झाडलोट.

माझ्या चिठ्ठीवर आलं संडास-बाथरूमची सफाई.

इथे मला थोडं मागे जाऊन सांगावं लागेल. माझ्या पणजोबांनी नेवासे तालुक्यातल्या एका गावात बाप्तिस्मा घेतला. त्याआधी गावातली मेलेली ढोरं ओढणं हे आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. मिशनच्या शाळेमुळे आजोबा शिकले, मास्तर झाले. घरात त्यांचा एकच कडक नियम होता: आपल्या पोरांनी दुसऱ्याची घाण उचलायची नाही. "देवानं आपल्याला त्यातून हात धरून बाहेर काढलंय, परत खाली बघायचं नाही," असं ते म्हणत. आमच्या घरात हा नियम दहा आज्ञांच्या बरोबरीने पाळला गेला. त्यामुळे ती चिठ्ठी हातात आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मावसबहीण म्हणाली, बदलून माग, देतील. देतातही. मी स्वयंसेवक मुलीला म्हटलं, उद्या सांगते.

तरी जेवणानंतर मी तिथे गेले, नुसतं बघायला. गटाची प्रमुख नेदरलँड्सची, वैद्यकीय शिक्षण घेणारी. म्युनिकचा एक उंच मुलगा, त्याचे वडील न्यायाधीश. स्लोव्हाकियाचा एक, पोर्तुगालच्या दोघी. रबरी हातमोजे, लांब दांड्याचे ब्रश, बादल्या. म्युनिकच्या मुलाने बाह्या सरसावल्या, गुडघे टेकले आणि संडासाच्या भांड्याच्या मागची, भिंतीजवळची ती अरुंद जागा हाताने फडकं घालून पुसायला लागला. तोंडाने गाणं चालू. कुणी त्याला बघत नव्हतं, तो कुणाला दाखवत नव्हता. मी दारात उभी राहून बराच वेळ पाहिलं आणि तशीच परत आले.

रात्री प्रार्थनेत माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही येईना.

टीप: स्लिपर दोन जोड न्या, एक ओल्या जागेसाठी. आणि टॉर्च हवाच, बरॅकच्या वाटेवर रात्री अंधार असतो.

मंगळवार

शास्त्राभ्यासाला योहानाचा तेरावा अध्याय होता. येशू शिष्यांचे पाय धुतो तो. आमच्या गटात बारा-पंधरा जण, मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणारे. एकेक जण नम्रतेबद्दल बोलत होता. माझी पाळी आली तेव्हा मी आजोबांचा नियम सांगितला. जन्मामुळे माणसाला काम चिकटतं म्हणजे काय, ते सांगितलं. बोलता बोलता मला स्वतःलाच एक गोष्ट नव्याने दिसली. नम्र व्हा, सेवक व्हा, हे प्रवचन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, पण आम्ही तर आधीच खाली होतो. ह्या अध्यायात खाली वाकतो तो गुरू. ज्याच्याकडून कुणी त्याची अपेक्षा करू शकत नाही, तो. शिष्य पेत्र नको म्हणतो ते ह्याचसाठी. हा अध्याय आधी वर बसलेल्यांसाठी आहे, आणि मग ते खाली उतरले की सगळ्यांसाठी.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग स्लोव्हाकियाचा मुलगा म्हणाला, त्याच्या गावच्या चर्चमध्ये रोमा (जिप्सी) लोक शेवटच्या बाकांवर बसतात, कुणी सांगत नाही तरी बसतात, आणि हे त्याला आजपर्यंत नेहमीचं वाटत होतं. तो तावातावाने बोलला नाही, खाली बघत बोलला. त्याच्या गावातली ती शेवटची बाकं मला इतकी ओळखीची वाटली!

दुपारी मी हातमोजे घातले. माझा आजोबांशी वाद नाही. ते जे म्हणाले ते त्यांच्या काळात खरं होतं, आणि आपल्याकडे गटारात उतरून माणसं मरतात तोवर ते खरंच राहणार. पण जन्माने लादलेलं काम वेगळं आणि न्यायाधीशाच्या मुलाबरोबर पाळीने आलेलं काम वेगळं. दुसऱ्यात लाज नाही, हे मी तिथे हातांनी शिकले. शनिवारपर्यंत मी तेच काम केलं.

चहानंतर एका बंधूंनी आम्हाला खेड्यातल्या जुन्या दगडी चर्चपर्यंत नेलं. त्याच्या आवारातच ब्रदर रॉजर यांची कबर आहे. साधा लाकडी क्रूस आणि भोवती फुलं. रॉजर मूळचे स्वित्झर्लंडचे, प्रोटेस्टंट पाळकाचे चिरंजीव. १९४० मध्ये, फ्रान्स हरलेला असताना, पंचवीस वर्षांचा हा तरुण जिनिव्हाहून सायकलवर निघाला आणि इथे आला. जर्मनांनी व्यापलेल्या भागाची हद्द इथून जवळ होती. त्यांनी एक रिकामं घर घेतलं आणि पळून येणाऱ्या निर्वासितांना आसरा द्यायला सुरुवात केली. त्यांत ज्यूही होते. १९४२ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेलेले असताना कुणीतरी चुगली केल्याचं कळलं आणि त्यांना इथे परतणं अशक्य झालं. १९४४ ला ते पुन्हा आले. आता जवळच्या छावण्यांत होते जर्मन युद्धकैदी. रॉजर आणि त्यांचे सोबती रविवारी त्या कैद्यांना घरी बोलावू लागले, जेवणाला आणि प्रार्थनेला. ज्या गावाने जर्मनांचा जाच सोसला त्याच गावात! १९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात बंधूंनी आजन्म एकत्र राहण्याचं व्रत घेतलं. सुरुवातीचे सगळे प्रोटेस्टंट. पुढे कॅथोलिकही आले. आज तीसेक देशांतले बंधू आहेत.

त्या कैद्यांची गोष्ट ऐकताना मला घर आठवत होतं. आमची मंडळी काही वर्षांपूर्वी फुटली. चर्चच्या जमिनीचा प्रश्न, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाची निवडणूक, मग कोर्ट. थोरले काका त्या बाजूला, बाबा ह्या बाजूला. नाताळला फराळाचे डबे इकडून तिकडे जातात, करंज्यांची चव विचारली जाते, पण प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, दोन भाऊ एका मेजापाशी येत नाहीत.

बुधवार

पहाटे वादळ आलं. विजा, गारा, तंबूंमधली मुलं ओल्या पिशव्या डोक्यावर धरून आमच्या बरॅककडे पळत आली. आम्ही जमिनीवर सरकून सरकून जागा केली. बरगंडीतला जुलै दिवसा तापतो आणि रात्री स्वेटर मागतो, हे लक्षात ठेवा. रेनकोट न्याच.

जेवणाबद्दल सगळे विचारतात. सकाळी पाव, लोणी, चॉकलेटच्या दोन कांड्या आणि बिनकानाच्या वाडग्यात चहा किंवा गरम चॉकलेट. दुपारी-रात्री डाळ, पास्ता, वाटाणे, भात असं एक पातेल्यातलं काहीतरी, सोबत पाव, चीजचा तुकडा, बिस्किटं, एखादं फळ. काटे-सुऱ्या नाहीत, सगळ्यांना एकच चमचा. शाकाहारी वेगळं मिळतं. मीठ-तिखट बेताचं. मावसबहिणीने घरून शेंगदाण्याची चटणी आणली होती. त्या वादळी दिवशी गवतावर बसता येईना म्हणून सगळे मंडपात दाटीवाटीने बसलो आणि डबा फिरला. पोर्तुगालच्या मुलींनी चटणी पावाला लोण्यावर लावून खाल्ली. तसं आम्हीही आता घरी खातो, फार छान लागतं.

दुपारी एका बंधूंनी विचारलं, उद्याच्या प्रार्थनेत तुमच्या भाषेत स्तोत्र वाचाल का? आम्ही तिघांनी मिळून एकशे तेहतिसावं घेतलं, भावांनी एकोप्याने राहण्याचं. त्या रात्री मी ते दहा वेळा वाचून पाहिलं.

गुरुवार

वाचलं. माइकसमोर उभं राहिल्यावर समोर दोन-तीन हजार माणसं आणि त्यांतली दोनच मराठी. आवाज पहिल्या ओळीला कापला, मग स्थिर झाला. पुढची शांतता सुरू झाली तेव्हा मी तशीच खाली बसले आणि मला काका दिसले. सणाच्या दिवशी हेच स्तोत्र ते आमच्या घरी म्हणायचे. ओसरीत बसून, चष्मा कपाळावर चढवून, कारण त्यांना ते पाठ होतं.

दुपारी मी त्या बंधूंना गाठलं. त्यांनी बांगलादेशात मैमनसिंगला बरीच वर्षं काढली आहेत. तेझेच्या बंधूंची तिथे एक छोटी वस्ती आहे. त्यामुळे आपल्याकडची गर्दी, ऊन, भांडणं त्यांना समजावून सांगावी लागत नाहीत. मी सरळ विचारलं की तुमच्यात कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही आहेत, मग प्रभुभोजनाचा प्रश्न तुम्ही सोडवला कसा?

त्यांनी शांतपणे सांगितलं की तो सुटलेला नाही. त्यांच्याच चर्चमध्ये पवित्र सहभागिता, म्हणजे प्रभुभोजन, घेऊ न शकणाऱ्यांसाठी आशीर्वाद दिलेल्या भाकरीची वेगळी टोपली असते, कारण चर्चाचर्चांमधला तो भेद खरा आहे आणि तो नाही असं दाखवणं खोटेपणा होईल. त्याचं दुःखही खरं आहे. पण प्रश्न सुटेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर इथे पहिली प्रार्थनाही झाली नसती. म्हणून ते दिवसातून तीनदा एका जमिनीवर बसतात.

मी त्यांना आपल्याकडची एक गोष्ट सांगितली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, आधीच एक झालेले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, सगळे त्यात आले. युरोपात जे अजून जमलेलं नाही त्याचा एवढा मोठा तुकडा आपल्या महाराष्ट्रात जमला. त्यांना ते माहीत होतं. गटातल्या बाकीच्यांना नव्हतं. सगळ्यांनी मला नागपूर नकाशावर दाखवायला लावलं.

नंतर सेंट एतिएन झऱ्याकडे गेले. टेकडीच्या उतारावर झाडी, एक तळं, छोटा पूल. तिथे बोलायचं नाही असा नियम आहे. मी वहीत एकच प्रश्न लिहिला. मंडळीतला खटला मिटल्यावर एकत्र बसू, असं आम्ही सगळे म्हणतो. ते आम्हाला कुणी सांगितलं? येशूने तर वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय. निकालाची प्रत घेऊन जा, असं कुठे म्हटलंय?

शुक्रवार

शुक्रवारी रात्रीची प्रार्थना क्रूसाभोवती होते. मोठा रंगवलेला क्रूस जमिनीवर, ठोकळ्यांच्या आधाराने आडवा ठेवतात. ज्यांना हवं ते गुडघ्यांवर पुढे सरकत जातात, लाकडावर कपाळ टेकवतात आणि आपलं जे काही आहे ते तिथे ठेवून उठतात. गाणी चालूच असतात. माझा नंबर यायला तासाहून जास्त लागला. गुडघे दुखले, पुढच्या मुलीचे रडण्याने खांदे हलत होते, मागून कुणीतरी हळूच माझा दुपट्टा पायाखालून सोडवून दिला.

ह्याच चर्चमध्ये, १६ ऑगस्ट २००५ ला, संध्याकाळच्या प्रार्थनेत, अडीच हजार तरुणांच्या देखत ब्रदर रॉजर यांचा खून झाला. ते नव्वद वर्षांचे होते. मानसिक आजार असलेल्या एका बाईने सुरीने वार केले. आठवड्याने झालेल्या अंत्यविधीत त्यांच्या जागी आलेल्या ब्रदर अलोईस यांनी तिच्यासाठी क्षमेची प्रार्थना केली. क्रूसावरच्या ख्रिस्ताच्याच शब्दांत, पित्या, तिला क्षमा कर. हे मी पुण्यात वाचलं होतं आणि थोर माणसं म्हणून पुढे गेले होते. इथे त्या जागेपासून काही हातांवर गुडघे टेकून वाट पाहताना ते वेगळं वाटतं. त्या आठवड्यातही प्रार्थनेच्या घंटा रोजच्या वेळेला वाजत राहिल्या. चर्चच्या दारांवर पहारे बसवून त्यांनी लोकांना बाहेर ठेवलं नाही.

लाकडाला कपाळ टेकवलं तेव्हा मी काकांचं नाव घेतलं. आणि ज्यांनी आमच्याविरुद्ध अर्जावर सह्या केल्या त्या चौघांचीही नावं घेतली. चौथं नाव घ्यायला वेळ लागला. ते माझ्या संडेस्कूलच्या सरांचं आहे, आणि त्यांच्यावरचा माझा राग प्रेमामुळे आहे.

शनिवार

दिवसभर कामं आणि निरोप. रात्री पुनरुत्थानाची प्रार्थना. प्रत्येकाच्या हातात छोटी मेणबत्ती, लहान मुलं पुढून ज्योत आणतात, आणि ती रांगेरांगेने मागे जाते. आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानात मेणबत्त्या लावतो. इथे ते दर शनिवारी होतं, म्हणजे शुक्रवारचं दुःख आणि रविवारचा आनंद वर्षभर दर आठवड्याला जगायचा. हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

नंतर ओयाकवर गेलो. हे तिथलं खाण्यापिण्याचं दुकान आणि अंगण, तिथे रात्री गिटार, नाच, गप्पा चालतात. आमच्या संघातल्या मुलाने टेबलावर ठेका धरून नगरकडचं एक ख्रिस्ती भजन म्हटलं आणि अर्धं अंगण टाळ्या देऊ लागलं. म्युनिकचा मुलगा टाळीचा ताल बरोबर पकडून शेवटपर्यंत राहिला.

टीप: ओयाकवर आइस्क्रीमसाठी सुट्टे युरो ठेवा. मोबाइल चार्ज करायला जागा थोड्या, पॉवरबँक न्या. आणि एक संपूर्ण आठवडा मौनात घालवण्याचीही सोय आहे. ज्यांना गर्दी नको त्यांनी नोंदणी करताना तसं सांगावं. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र गटात राहावं असं माझं मत आहे. माझ्या हाती जे लागलं ते माणसांमधूनच लागलं.

रविवार

सकाळी मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, झाली. भाकरीची ती वेगळी टोपली समोर आली तेव्हा गुरुवारचं बोलणं आठवलं आणि मी तिच्यातूनच घेतलं. पाव साधाच होता. पण तो घेताना आपण एकत्र नाही हे लपवलं जात नव्हतं, आणि आपण वेगळेही पडत नव्हतो.

परतीची बस लवकरची घेतली, कारण क्लुनी पाहायचं होतं. ९१० मध्ये स्थापन झालेला हा मठ. रोममधलं आजचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत क्लुनीचं चर्च ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि त्याचे दगड काढून काढून नेले. आज एक मनोरा आणि बाजूचा थोडा भाग उभा आहे, बाकी नुसती जमिनीवरची आखणी. त्या आखणीवरून चालत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलो, बराच वेळ लागला. जमिनीसाठी भांडणाऱ्या प्रत्येक पंचमंडळाने ही रिकामी जागा एकदा पाहावी, असं मला मनापासून वाटतं. तेझेहून बसने ती अर्ध्या तासाच्या आत आहे, चुकवू नका.

नगरला परतल्यावर

आमच्या तरुण संघात मी पहिला प्रश्न टाकला तो चर्चच्या संडासाचा. तो कोण साफ करतं? एक मावशी येतात, त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत होतं. त्यांचा पगार चालू ठेवायचा आणि ते काम संघाने पाळीने करायचं, मावशींनी दुसरं काम घ्यायचं, असं मी सुचवलं. दोन सभा झाल्या. काहींच्या घरी आजोबांचा नियम अजून आहे आणि मला त्यांची बाजू कळते, म्हणून सक्ती ठेवली नाही. सध्या आम्ही सातजण करतो. त्यांत पाळकसाहेब आहेत.

काकांकडे गेले त्या संध्याकाळी चटणीपासून सुरुवात केली, मग युद्धकैद्यांची गोष्ट सांगितली, मग स्तोत्र वाचल्याचं. काकूने मध्येच चहा ठेवला. मी विचारलं, महिन्यातून एकदा, कुठल्याच चर्चमध्ये नाही, आजोबांच्या गावच्या घरी, ओसरीत प्रार्थना ठेवली तर याल? प्रवचन नाही, प्रभुभोजन नाही, खटल्याचा शब्द नाही. एक वाचन, दोन-तीन गाणी, थोडी शांतता. काका म्हणाले, केस मागे घेणार नाही. मी म्हटलं, घेऊ नका. बाबांनीही तेच सांगितलंय. मग त्यांनी विचारलं, किती माणसं येतील, आणि जुन्या घरातला पंखा चालतो का. पुढच्या शेवटच्या शनिवारी पहिली प्रार्थना आहे. पंखा दुरुस्तीला टाकलाय.